मोगऱ्याच्या पानांखाली जाळी आणि मिरची बोकडलीये : विष न मारता लाल कोळी घालवता येतो का?

मोगरावेडी । १४ मार्च, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तोही रडगाणं गायला. पुण्यात चौथ्या मजल्यावर पश्चिमेची गच्ची आहे, सगळ्या मिळून २६ कुंड्या. त्यात दोन मोगरे (एक सासूबाईंनी वाईहून आणलेला, १४ वर्षांचा), गावठी गुलाब, जास्वंद, तुळस, एक वांगं आणि चार मिरच्या. शिवरात्र झाली आणि गुलाबाच्या पानांवर कुणी बारीक रवा भुरभुरल्यासारखे पांढुरके ठिपके दिसायला लागले. मी म्हटलं धूळ असेल, समोर बांधकाम चालू आहे. आठवड्यात पानं राखेच्या रंगाची झाली, मग मोगऱ्यावर तेच, आणि परवा बघते तर शेंड्याला अगदी बारीक जाळी, उन्हात धरलं तरच दिसेल अशी. मिरचीचे शेंडे तर चुरगळून बसलेत.

आता माझा शहाणपणा ऐका. नीम ऑइल आणलं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा चांगला मोठा घोट ओतला, सकाळी अकराला मारलं आणि जेवायला बसले. संध्याकाळी गुलाबाची पानं पापडासारखी. नर्सरीवाल्याकडे गेले तर त्याने लेबल नसलेली एक बाटली हातात ठेवली, "ताई एक झाकण टाका, सगळं मरतं". सगळं म्हणजे कोण कोण ते काही सांगितलं नाही. मिरची आम्ही रोज तोडतो, तुळस चहात जाते, त्यामुळे ती बाटली उघडलेली नाही.

तर घरातल्या वस्तूंनी हे जाईल का, आणि वाईचा मोगरा टाकून द्यावा लागेल का, एवढंच सांगा. पाडव्याला त्याची फुलं असतात दरवर्षी.

उंटावरचा_शहाणा । १४ मार्च, सकाळी १०:०२

शीर्षकात कोळी वाचून बोंबील, सुकट असं काहीतरी असेल म्हणून धावत आलो. निराशा झाली.

नुसताच_वाचक । १४ मार्च, सकाळी १०:१५

लिक्विडचा "मोठा घोट" हे माप आवडलं. आमच्याकडे मिठाचं असंच असतं.

ओंकार_मावळ । १४ मार्च, दुपारी १:३०

मी तळेगावच्या बाजूला गुलाबाच्या पॉलीहाऊसवर अकरा वर्षं काढली, त्यामुळे ह्या प्राण्याशी माझं जुनं वैर आहे. व्हॅलेंटाईनचा माल निघायच्या ऐन वेळेला हा येतो आणि मालकाची झोप उडवतो.

पहिली गोष्ट, हा किडाच नाही. आठ पायांचा आहे, कोळी-गोचीड ह्यांच्या भावकीतला, म्हणून तर कोळी म्हणतात. त्यामुळे किड्यांसाठी असलेली बरीच औषधं त्याच्यावर चालतच नाहीत. लाल कोळी म्हणतात पण तो दरवेळी लाल असेलच असंही नाही, हिरवट-पिवळा आणि अंगावर दोन काळे डाग असलेलाही भरपूर सापडतो. मोहरीच्या दाण्यापेक्षा कितीतरी लहान, अर्धा मिलिमीटर फार तर.

औषधाचं नंतर बघू, आधी खात्री करा. पांढरा कोरा कागद पानाखाली धरायचा आणि पानावर दोनतीन टिचक्या मारायच्या. धुळीचे कण पडतील, त्यातले काही चालायला लागले की समजायचं. हळूहळू सरकणारे ते कोळी. एखादा तुरुतुरु पळताना दिसला तर त्याला मारू नका, तो बहुतेक कोळ्यांना खाणारा कोळी असतो. प्रत्येक झाडाखाली किती पडले ते लिहून ठेवा, नाहीतर औषधाने फरक पडला की मनाला वाटलं हे कळत नाही.

दुसरं, तो राहतो पानाच्या खालच्या बाजूला आणि आपण सगळे फवारतो वरून. तुम्ही मारलेलं ऑइल कोळ्याला लागलंच नसणार, फक्त पान भाजलं.

तिसरं, गरम कोरड्या हवेत म्हणजे आपल्या मार्च-एप्रिल-मेमध्ये अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. आणि अंड्यावर साबण, निंबोळी फारसं काम करत नाही. म्हणजे आज सगळे मारलेत तरी चार दिवसांनी नवी पिढी हजर. एकदाच जोरात मारून उपयोग शून्य. पाच-पाच दिवसांनी निदान तीनचार वेळा, हलक्या हाताने.

सुरुवात नुसत्या पाण्याने करा. थट्टा नाही, पानाच्या खालून जोरात पाणी मारलं की अर्ध्याहून जास्त कोळी आणि जाळी धुऊन जाते, खाली पडलेला लहानसा कोळी परत वर चढेपर्यंत बरेच मरतात.

मोगरावेडी । १४ मार्च, दुपारी २:१०

ओंकारदादा, कागद केला!! गुलाबाखाली ३७ मोजले, त्यापुढे सोडून दिलं. मोगऱ्याखाली २२. अंगावर काटा आला. मिरचीखाली मात्र काहीच चालताना दिसलं नाही.

आणि जोरात पाणी म्हणताय पण आमच्याकडे पाणीकपात आहे हो, दिवसाआड येतं.

ओंकार_मावळ । १४ मार्च, दुपारी २:२५

मोठ्या टबात कुंडी आडवी करून धुवा, तेच पाणी गाळून दुसऱ्या कुंड्यांना. जास्वंदीला घाला, तिला कोण विचारतंय.

जास्वंद_प्रेमी । १४ मार्च, दुपारी २:४०

निषेध.

निंबोणी । १४ मार्च, संध्याकाळी ६:०५

नीम ऑइलला नावं ठेवू नका, चूक वेळेची आणि मापाची. माझं गेली सहा वर्षं चालू आहे ते लिहिते. एक लिटर कोमट पाणी, त्यात आधी १ ते २ मिली साधा सौम्य लिक्विड साबण (किंवा रिठ्याचं पाणी) नीट ढवळून मग ५ मिली कडुनिंबाचं तेल. आधी तेल पाण्यात ओतलं तर ते वर तवंग होऊन बसतं आणि शेवटच्या दोन झाडांना शुद्ध तेल मिळतं, पहिल्या दहांना शुद्ध पाणी. पाणी दुधासारखं पांढरं दिसायला हवं. सूर्य मावळल्यावर मारायचं, कारण उन्हात तेलाने पान भाजतंच आणि शिवाय त्यातला कामाचा जो घटक आहे तो उन्हात टिकत नाही. केलेलं लगेच संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. आधी दोन पानांवर मारून एक दिवस बघायचं.

गावाकडून निंबोळ्या मिळत असतील तर त्याहून उत्तम. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात, सकाळी फडक्याने गाळायच्या, साबण थोडासा, झाला ५ टक्के अर्क. वास येतो पण सहन होतो.

डिटर्जंट पावडर मात्र अजिबात नको, आणि भांड्यांचं लिक्विडसुद्धा "घोट" नको.

बोअरवेल_बाबा । १४ मार्च, संध्याकाळी ६:५०

साबणाचं एक कुणी सांगत नाही. पाणी जड असेल, म्हणजे बोअरचं टँकरचं, तर साबण फुटतो आणि पानावर पांढरा थर बसतो, कोळ्याला काही होत नाही. आमच्या वाघोलीत वर्षभर माझं हेच चाललं होतं, मी म्हणत होतो नीम फेक आहे. रिठ्याला जड पाण्याचं वावडं नाही. चारपाच रिठे फोडून रात्रभर भिजत घातले, सकाळी कुस्करले, संपला विषय. आई केस धुवायची त्याच पद्धतीने.

सातारकर_काका । १४ मार्च, रात्री ९:३०

तुम्ही लोक मिलीमध्ये मोजत बसा. आमच्याकडे दशपर्णी. कडुनिंब, करंज, सीताफळ, पपई, एरंड, निर्गुडी, घाणेरी, रुई, कण्हेर, गुळवेल असा दहा झाडांचा पाला, त्यात शेण आणि गोमूत्र, महिनाभर सावलीत कुजवायचं, रोज ढवळायचं. गुरं ज्या पाल्याला तोंड लावत नाहीत तो पाला, एवढं तत्त्व. वांग्यावर मी स्वतः बघितलाय फरक.

नुसताच_वाचक । १४ मार्च, रात्री ९:४१

काका, फ्लॅटमध्ये?

सातारकर_काका । १४ मार्च, रात्री ९:५८

मुलाच्या फ्लॅटला एकदा केलं होतं, डक्टमध्ये पिंप ठेवून. नवव्या दिवशी सेक्रेटरी, दहाव्या दिवशी ड्रेनेज लाइन तपासायला माणसं. मी गप्प बसून बघत होतो. अकराव्या दिवशी सुनेने पिंप सांगितलं. पिंप गावाला गेलं, माझ्यासकट.

उंटावरचा_शहाणा । १४ मार्च, रात्री १०:०३

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). कोळी गेला का पण?

सातारकर_काका । १४ मार्च, रात्री १०:०६

सोसायटीतले पाहुणे यायचे थांबले. कोळ्याचं माहीत नाही.

भिंगवाली । १५ मार्च, सकाळी ८:२०

काका माफ करा पण थोडं बोलते, प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलंय. दशपर्णी शेतात जुन्या माणसांनी वापरलंय, त्याच्यावर हसत नाही. पण कण्हेर हृदयावर परिणाम करणारं जहाल विष आहे. शेतात मारलं आणि पंधरा दिवसांनी माल काढला हे वेगळं, आणि ताईंसारखं सकाळी तुळशीची पानं खुडून चहात टाकली हे वेगळं. जैविक म्हणजे निरुपद्रवी असं समीकरण डोक्यातून काढा. तंबाखूचा काढाही लोक सुचवतात (अजून कुणी सुचवला नाही, पण सुचवणार, मला धागे माहीत आहेत). निकोटिन हे माणसाला विष आहे, कातडीतून अंगात जातं, आणि तंबाखूवरचा एक विषाणू मिरची-टोमॅटोला लागू शकतो तो फुकटात.

दुसरं, ती बिनलेबलची बाटली न उघडून तुम्ही फार बरं केलंत. बहुधा सायपरमेथ्रीनसारखं एखादं कीटकनाशक असणार. अशा औषधाने कोळी फारसा मरत नाही पण त्याला खाणारे सगळे मरतात, म्हणजे कोळ्याला खाणारे कोळी आणि ते टाचणीच्या डोक्याएवढे काळे भुंगेरे, लेडीबर्डच्या कुळातले. मग महिन्यात कोळी दुप्पट होतो आणि माणूस म्हणतो अजून स्ट्राँग द्या. इमिडाक्लोप्रिड हे दुसरं कीटकनाशक घातलेल्या झाडांवर कोळी वाढल्याच्या नोंदीही जगभर आहेत.

आणि मिरचीखाली काही चाललं नाही म्हणालात त्यावर माझा एक प्रश्न आहे. मिरचीची पानं वर वळलीयेत की खाली?

धडाकेबाज_डोंबिवलीकर । १५ मार्च, सकाळी ९:००

एवढा काथ्याकूट कशाला, बाटली एकदा मारा, आठ दिवस मिरची विकत आणा, विषय कट. आमच्या बाजूचे तंबाखूच्या पाण्याने पण करतात.

भिंगवाली । १५ मार्च, सकाळी ९:०४

चाळीस मिनिटं.

मोगरावेडी । १५ मार्च, सकाळी ९:३०

हाहा. भिंगवाली ताई, पानं खाली वळलीयेत. कडा खाली दुमडून उलट्या होडीसारखी झालीयेत, देठ लांबलेत आणि नवीन पान अरुंद. खालून थोडा तपकिरी, पॉलिश केल्यासारखा रंग आहे.

भिंगवाली । १५ मार्च, सकाळी १०:१५

मग तुमच्याकडे दोन वेगळे कोळी आहेत, अभिनंदन. वर वळून वाटीसारखी झाली असती तर फुलकिडे म्हटलं असतं. खाली वळून होडी झाली म्हणजे पिवळा कोळी. हा जाळी करत नाही, अगदी कोवळ्या शेंड्यातच राहतो, इतका लहान आणि काचेसारखा की कागदावर नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. दहापट भिंग लागतं, सोनाराकडे असतं तसलं, मी डोळ्याला लावूनच फिरते म्हणून हे नाव.

गंमत म्हणजे हा पांढऱ्या माशीच्या पायाला धरून एका झाडावरून दुसऱ्यावर प्रवास करतो. रिक्षाच ती. त्यामुळे मिरचीवर पांढरी माशी असेल तर पिवळी चिकट पट्टी लावा, रिक्षा बंद. आणि ह्याला उलट दमट हवा आवडते, म्हणजे लाल कोळी पावसात कमी होईल पण हा नाही होणार. पानं एकदा वाकडी झाली ती सरळ होत नाहीत, तेव्हा औषध मारून "पानं अजून तशीच" म्हणून परत परत मारू नका. पुढचं नवं पान कसं येतंय ते बघायचं.

बिचारा_गावकरी । १५ मार्च, दुपारी १२:०५

आमच्याकडे सरसकट चुरडामुरडा म्हणतात आणि दुकानदार एकच पुडी देतो. वर वळलं खाली वळलं हे वीस वर्षं मिरची लावून आज कळलं. दंडवत घ्या.

निफाडची_द्राक्षं । १५ मार्च, रात्री ८:४५

गंधकाचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? आमच्या बागेत भुरीसाठी (पानावर पांढरी बुरशी येते तो रोग) गंधक पूर्वापार. कोळ्यावर, त्यातही त्या पिवळ्यावर तर चांगलंच चालतं, आणि सेंद्रिय शेतीत त्याला परवानगी आहे. पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं मिळतं, दोन ग्रॅम लिटरला, कुंडीसाठी तेवढं पुरे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा नाहीतर मला शिव्या घालाल. पारा ३२-३५ च्या वर असेल त्या दिवसात गंधकाला हात लावायचा नाही, पान करपतं. म्हणजे पुण्यात तुमच्याकडे आता जेमतेम काही दिवस आहेत, एप्रिलमध्ये विसरा. आणि तेल मारलंय त्या झाडावर पुढचे दोन आठवडे गंधक नाही, गंधक मारलंय तर तेल नाही. दोन्ही एकत्र म्हणजे झाड गेलंच. आमच्याकडे एकाने घाईत केलं होतं, पूर्ण ओळ पिवळी पडून पानं गळाली. कोण ते सांगत नाही, सध्या तोच टाईप करतोय.

मोगरावेडी । १५ मार्च, रात्री ९:१०

गुलाब-मोगऱ्याला तेल मारून झालंय. मिरचीला मारलं नव्हतं, ती कोपऱ्यात होती. मग मिरचीला गंधक आणि बाकीच्यांना पाणी-नीम, असं करू? तुळशीचं काय?

निफाडची_द्राक्षं । १५ मार्च, रात्री ९:३२

बरोबर. संध्याकाळी मारा, मिरच्या आधी तोडून घ्या, नंतर धुऊन खा. तुळशीला नुसतं पाणी, रोज, खालून. तिच्यावर प्रयोग नको.

कढीलिंब_न्यूजर्सी । १६ मार्च, पहाटे ४:५०

तुमच्या उन्हाळ्यात जे होतं ते आमच्याकडे हिवाळ्यात घरात होतं. ऑक्टोबरमध्ये कढीलिंब आणि तुळस आत घ्यावी लागते, मग हीटिंग सुरू, घरातली हवा वाळवंटासारखी कोरडी, आणि जानेवारीपर्यंत कढीलिंबाला जाळी. पहिला कढीलिंब असाच गेला, केवढ्याला घेतला होता ते नवऱ्याला अजून माहीत नाही. दुसऱ्याच्या वेळेला मी भक्षक कोळी मागवले. खरंच, पोस्टाने कोळी येतात इथे! बाटलीत भुशासारखं काहीतरी असतं त्यात नारिंगी चकचकीत ठिपके पळत असतात, ते पानांवर भुरभुरायचे. ही जात फक्त जाळीवाले कोळीच खाते, दुसरं काही खात नाही, त्यामुळे ते संपले की हेही उपाशी मरतात. पण त्यांना दमट हवा लागते, साधारण साठ टक्क्यांच्या वर, मी झाडाभोवती प्लॅस्टिकचा तंबू केला होता. तीन आठवड्यांत साफ.

सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, कोळी मारायला कोळी विकत आणलेस? मग ते मारायला काय आणणार?

उंटावरचा_शहाणा । १६ मार्च, सकाळी ८:००

सासूबाईंना आयडी काढून द्या, इथे गरज आहे.

ओंकार_मावळ । १६ मार्च, सकाळी ८:३०

गच्चीवर ३८-४० डिग्री आणि कोरड्या वाऱ्यात ते बिचारे टिकणार नाहीत. त्यापेक्षा जे आपोआप येतात ते टिकवा, म्हणजे जहाल काही मारू नका. आणि नीम-गंधकसुद्धा सगळ्या झाडांवर "खबरदारी म्हणून" नको, ज्याच्याखाली कागदावर काही पडलं त्याच्यावरच. गंधकाने चांगले कोळीही मरतात.

एक विचारायचं राहिलं, खत काय घालताय?

मोगरावेडी । १६ मार्च, सकाळी ९:१५

मोगऱ्याला फुलं जास्त यावीत म्हणून फेब्रुवारीत युरिया... चमचाभर... दोनदा. हे सेंद्रियच्या धाग्यावर लिहायला नको होतं.

ओंकार_मावळ । १६ मार्च, सकाळी ९:२२

तरीच. नत्र जास्त झालं की पान लुसलुशीत होतं आणि कोळ्याची पंगत बसते. त्यात समोर बांधकामाची धूळ. धुळकट पानावर कोळी जास्त, शेतात रस्त्याकडेच्या ओळींवर बघा कधीही. पाणी तोडलं तरी वाढतो. म्हणजे युरिया बंद, पाणी वेळेवर, पानं धुवायची. निम्मं काम तिथेच.

जुनी_माळीण । १६ मार्च, दुपारी ४:००

मोगरा कशाला टाकताय, वेड लागलंय का. १४ वर्षांची मुळं आहेत. जाळीवाले शेंडे आणि करडी झालेली पानं सगळी ओरबाडून काढा, फांद्या तिसऱ्या हिश्शाने छाटा. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, कंपोस्टच्या ड्रममध्ये नाही टाकायचं, आणि ती पिशवी बाकीच्या झाडांवरून मिरवत नेऊ नका. कात्री आणि हातही धुवा, कोळी कपड्यावरनं जातो. मोगऱ्याला पानं ओरबाडली की उलट नवी फूट जोरात येते आणि फुटीवरच कळ्या. पाडवा चुकेल तुमचा, अक्षयतृतीयेला फुलं मोजा.

स्प्रेचं नोझल वर तोंड करून धरायचं आणि खालून मारायचं. छोट्या कुंडीला तर मी स्प्रे वापरतच नाही, मातीवर प्लॅस्टिक बांधते, कुंडी उलटी धरून शेंडा बादलीतल्या पाण्यात बुचकळते. बाळाला अंघोळ घातल्यासारखं.

धडाकेबाज_डोंबिवलीकर । १६ मार्च, संध्याकाळी ७:१०

ताक मारून होतं का? आमच्या मातोश्री विचारतायत. बाटलीवाला प्रतिसाद मी मागे घेतोय, मातोश्रींनी वाचला.

निंबोणी । १६ मार्च, संध्याकाळी ७:३०

मी करून बघितलंय. पानावर थर बसतो, काही कोळी त्यात चिकटून मरतात, पण मुंग्या आणि वास दोन्ही येतात. कढी करा.

मोगरावेडी । १९ मार्च, सकाळी ८:१०

अपडेट. मोगरा ओरबाडला, रडले नाही पण जवळपास. गुलाब दोनदा धुतला, एकदा नीम (मापाने, रिठ्याने, सातनंतर). कागदावर गुलाब ३७ वरून १९. मिरचीला गंधक मारलं, काल पारा ३४ ला गेला, मी दिवसभर तिच्याकडे बघत बसले होते. करपली नाही.

ओंकार_मावळ । १९ मार्च, सकाळी ८:४०

२४ ला परत. तेव्हा आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, अंडी फुटून पोरं आलेली असतात. पोरांना सहाच पाय असतात बरं का.

मोगरावेडी । २५ मार्च, सकाळी ७:५५

२६!!! घाबरले नाही, तुम्ही सांगितलं होतं. पण नवऱ्याने सोसायटीच्या माळ्याला विचारलं आणि त्याने पुन्हा त्याच रंगाची बाटली दाखवली.

भिंगवाली । २५ मार्च, सकाळी ९:००

आता थांबलात तर इतक्या दिवसांची मेहनत वाया. आज नीम, ३० ला नीम, मधल्या दिवसात पाणी. गुलाबाची सगळ्यात खालची पानं काढून टाका, तिथेच त्यांची वस्ती असते.

मोगरावेडी । ६ एप्रिल, सकाळी ८:३०

गुलाब ४. मोगरा ०, आणि फांदीफांदीला पोपटी फूट. मिरचीची नवी पानं सपाट येतायत. जुनी होडीसारखीच आहेत, मी तोडून टाकली. वांग्याखाली ११ निघाले, तिकडे माझं लक्षच नव्हतं, कोळी तिकडे गेला होता बहुतेक.

कागदावर परवा एक काळा टाचणीच्या डोक्याएवढा भुंगेरा पडला. उचलून परत झाडावर ठेवला. घरात वेडी ठरलेय.

भिंगवाली । ६ एप्रिल, सकाळी ८:४५

वांग्यावर आता तेल मारू नका, नुसतं पाणी. तो भुंगेरा आणि त्याची पिल्लं दिवसाला कित्येक कोळी खातात. त्याला जेवू द्या.

जुनी_माळीण । ६ एप्रिल, दुपारी १२:१०

मग टाकताय ना मोगरा?

मोगरावेडी । १ मे, सकाळी ७:१५

अक्षयतृतीयेला ३१ फुलं निघाली. सासूबाईंनी मोजली, मी नाही. त्या म्हणाल्या दरवर्षी पन्नास असतात. पण ओंजळीत घेऊन बसल्या होत्या बराच वेळ.

उंटावरचा_शहाणा । १ मे, सकाळी ७:४०

एकोणीस फुलं कोळ्यांनी नेली, वेणी करतात ते.

बिचारा_गावकरी । १२ जून, संध्याकाळी ६:२०

धागा वर काढतोय. दोन पाऊस झाले, आणि बांधावर लालभडक मखमली कोळी निघालेत शेंगदाण्याएवढे. पोरगा म्हणतो बाबा लाल कोळी, नीम मारा. एवढा मोठा झाला म्हणजे आता मिरचीचं काही खरं नाही.

भिंगवाली । १२ जून, संध्याकाळी ६:५०

अहो तो मृगाचा किडा! हातही लावू नका. तोही कोळ्याच्याच भावकीतला आहे, आठ पायांचा, पण झाडाला काही करत नाही, मातीतले बारीक किडे आणि त्यांची अंडी खातो. पाऊस पडला की दोनचार दिवस वर येतो आणि परत जमिनीत गडप. लहानपणी काडेपेटीत ठेवायचो आम्ही. पोराला दाखवा, आता पूर्वीइतके दिसत नाहीत.

सातारकर_काका । १२ जून, रात्री ९:१५

काडेपेटीत गवत घालून. सकाळी उघडली की पाय आखडून मेल्याचं सोंग. माझी बहीण दरवेळी रडायची.

नवीन_सभासद_७१ । १४ जून, सकाळी ११:००

छान माहिती. धागा पूर्ण वाचला नाही, वेळ नव्हता. माझ्या बाल्कनीतल्या जास्वंदीवर पांढरं पांढरं कापसासारखं काहीतरी आलंय आणि मुंग्या फिरतायत. लाल कोळीच असेल ना? किती मिली मारू?

जास्वंद_प्रेमी । १४ जून, सकाळी ११:०३

शेवटी आमच्याकडे कुणीतरी लक्ष दिलं. तो पिठ्या ढेकूण आहे, कोळी नव्हे, मुंग्या त्याच्यासाठीच येतात. मारू काही नका अजून. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, आणि पान उलटं करून बघा.

ओंकार_मावळ । १४ जून, सकाळी ११:२०

आणि एक कोरा कागद घ्या.